सुरमईचा शुक्रवार

शुक्रवारी मटण सोडलंत आणि सुरमई खाल्लीत, तर तुम्ही नक्की सोडलंत काय?

हा प्रश्न मी शाळेत असल्यापासून विचारतेय. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारला तेव्हा टीचर म्हणाल्या, ‘नियमात मासे चालतात.’ नियमात चालतात हे मलाही माहीत होतं. नियम ज्याने केला त्याने सुरमईचा भाव ऐकला नसावा, एवढंच माझं म्हणणं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस हा आम्हा कॅथलिकांचा उपवासकाळ. तो राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि त्यातल्या शुक्रवारी मांस खायचं नसतं. त्या दिवशी फादर कपाळावर राखेचा क्रूस काढतात आणि तू माती आहेस, मातीलाच मिळणार आहेस, याची आठवण करून देतात. त्याच मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, दरवर्षी वाचलं जातं की उपास करताना तोंड धुवा, केसांना तेल लावा, आपण उपाशी आहोत हे लोकांना कळू देऊ नका. मिस्सा संपते आणि चर्चच्या पायऱ्यांवर सेल्फी सुरू होतात. राख नीट दिसावी म्हणून बायका कपाळावरचे केस मागे घेतात.

मग कोण काय सोडणार ते चर्चच्या आमच्या विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊ लागतं. कोणी चहा सोडतं, कोणी चॉकलेट, कोणी रात्रीची मालिका. एका अंकलनी एके वर्षी व्हॉट्सअॅप सोडलं होतं, आणि ते किती जड जातंय हे ते आम्हाला रोज व्हॉट्सअॅपवर कळवत होते. त्यांना रोज जोडलेल्या हातांचे इमोजी मिळत. फादर प्रवचनात सांगतात की हा आध्यात्मिक वाढीचा काळ आहे. आमच्या विभागात वाढ होते हे खरं आहे. ती ईस्टरचे कपडे शिवायला टाकताना शिंप्याला कळते.

कारण आमच्याकडे क्रूस फिरतो.

डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनच्या बाजूला आमचा विभाग आहे. थोड्या जुन्या चाळी, थोड्या आमच्यासारख्या लिफ्ट नसलेल्या इमारती आणि आता खाडीकडच्या अंगाला झालेले टॉवर. उपवासकाळात कंबरेएवढा एक लाकडी क्रूस रोज संध्याकाळी एका घरी जातो. शेजारपाजारची ख्रिस्ती कुटुंबं तिथे जमतात, प्रार्थना होते, गाणी होतात, आणि क्रूस रात्रभर त्या घरात राहतो. दुसऱ्या संध्याकाळी त्याच घरातल्या माणसाने तो खांद्यावर घ्यायचा आणि पुढच्या घरी पोचवायचा. बाकीचे मागून मेणबत्त्या घेऊन गात जातात. रीत एवढीच आहे. ज्याच्या घरी क्रूस, त्यानेच तो पुढे न्यायचा.

मी लहान असताना प्रार्थनेनंतर कोरा चहा मिळायचा आणि मूठभर उकडलेले चणे. चणे चाळीच्या पायरीवर बसून खायचे आणि घरी जायचं. मग कोणीतरी चण्यांबरोबर वेफर्स ठेवले. पुढच्या घराला वाटलं, आपण कमी पडलो, त्यांनी समोसे आणले. समोशांवर पावभाजी आली. पावभाजीवर व्हेज बिर्याणी आली, व्हेज अशासाठी की उपवासकाळ आहे. गेली दोन-तीन वर्षं तर कुठल्या घरी काय आहे हे आधीच कळलेलं असतं आणि त्याप्रमाणे गर्दी होते. ज्या घरी मोमो होते त्या घरी मी अशी माणसं प्रार्थनेला आलेली पाहिली जी नाताळलाही चर्चला दिसत नाहीत.

आता मावशीबद्दल सांगते.

मावशी स्टेशनजवळच्या बाजारात मासे विकते. ती खाडीवरच्या कोळ्यांची मुलगी. लग्नात बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाली. तिचा नवरा आमच्या नगरकडचा, माझ्या बाबांच्याच तालुक्यातला. ते आणि बाबा मानपाड्याला एकाच कंपनीत होते. त्यांना मी काका म्हणते. मावशीला मात्र सगळा बाजारच मावशी म्हणतो, म्हणून मीही म्हणते. मावशी आणि काका आमच्या इमारतीच्या मागच्या बैठ्या चाळीत राहतात.

उपवासकाळ हा मावशीच्या धंद्याचा मोसम. शुक्रवारी आमचा सगळा विभाग तिच्या पाटीपुढे उभा असतो. मी आईबरोबर पिशवी धरून उभी असताना ऐकलेलं हे बोलणं आहे.

‘मावशी, आज आमचा उपास आहे. जरा बघून भाव लावा.’

‘उपास तुमचा नं?’

‘हो.’

‘मंग भाव मी कशाला सोडू? तुमी सोडा काय सोडायचा तो.’

बाई हसली आणि सुरमईचे तुकडे जाड कापून घेतले. मागची म्हणाली, ‘मावशी, मला पापलेट, पण मोठं नको, उपास आहे.’ मावशी म्हणाली, ‘मंग दोन लहान देते. देवाला कलनार नाय.’

काका उंच होते. आहेत, पण आता ते खाटेवर असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. गुड फ्रायडेला चर्चच्या मैदानात क्रुसाची वाट होते. ख्रिस्ताने क्रूस वाहून नेला त्या वाटेवरचा एकेक टप्पा थांबत थांबत, प्रार्थना म्हणत चालायचा. त्या दिवशीचा क्रूस मोठा असतो, छपराच्या वाशासारखा. मला आठवतं तेव्हापासून तो काकांनीच उचलला. खांद्यावर एका पंच्याची चौपदरी घडी ठेवायचे, तिच्यावर लाकूड घ्यायचे आणि अनवाणी चालायचे. उन्हात आम्ही मुलं त्यांच्या सावलीत चालत असू. मग एका पावसाळ्यात त्यांना लकवा मारला. डावं अंग गेलं, जीभ जड झाली. तेव्हापासून ते त्या खोलीत लोखंडी खाटेवर आहेत.

फादर महिन्यातून एकदा त्यांच्यासाठी कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेऊन येतात. ते आले की मावशी दिवा लावते, पाच-दहा मिनिटांत ते पुढच्या आजाऱ्याकडे जातात. काकांना त्याने पुरत नव्हतं. त्यांना फिरता क्रूस घरी हवा होता. क्रूस एकटा येत नाही, त्याच्यामागे माणसं येतात. ज्या माणसांच्या पुढे ते इतकी वर्षं चालले, ती एकदा आपल्या दारात यावीत, एवढं त्यांना हवं होतं. हे ते आईला शब्द जोडत जोडत सांगायचे. क्रूस. घरी. लोक. आई म्हणायची, ‘येईल हो.’

तो आला नाही. लकव्याच्या पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. गेल्या वर्षी राखेच्या बुधवारनंतर विभागाच्या कोऑर्डिनेटर आंटींकडे पाळ्या लावायला सगळे जमले, तेव्हा आईने विषय काढला. मीही होते.

‘मावशींकडे यंदा ठेवू या क्रूस,’ आई म्हणाली.

‘अगं, तिची खोली केवढीशी,’ आंटी म्हणाल्या. ‘माणसं बसणार कुठे?’

‘पूर्वी सगळ्यांच्याच खोल्या तेवढ्या होत्या की.’

‘पूर्वीचं वेगळं होतं. आणि तिला कशाला त्रास द्यायचा? नवऱ्याचं करायचं, बाजार करायचा. वर एवढ्या लोकांचं खाणंपिणं कोण बघणार?’

‘खाणंपिणं नकोच.’

‘असं कसं? तिलाच वाईट वाटेल गं.’

या वाक्याकडे नीट बघा. गरिबाला टाळायचं असेल तर त्याची काळजी घेतात. नाही म्हणायची गरजच पडत नाही.

मग कोपऱ्यातले एक अंकल जे खरं होतं ते बोलले. ‘आणि तो वास. अगरबत्तीने जात नाही.’ चार जण हसले. आंटींनी ‘शू’ केलं, पण हसत केलं. मासळीचा वास. ज्या मासळीवर या सगळ्यांचा शुक्रवार निघतो, त्या मासळीचा वास. हे अंकल दर शुक्रवारी मावशीकडून पापलेट नेतात आणि कल्ला उघडून हुंगून घेतात.

मी घरी येऊन पत्रक लिहिलं. आमच्या घरात दुसरं काही लिहिलं जात नाही. बाबा कंपनीच्या युनियनची पत्रकं लिहायचे, आई चर्चमधली पत्रकं जपून ठेवायची, आणि मी दोन्हींच्या पाठकोऱ्या बाजूवर गणितं करून मोठी झाले. बाबांचा एक नियम होता. पत्रकाच्या शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याला काम सांगायचं, नाहीतर तो वाह म्हणतो आणि घडी घालतो. मी शेवटच्या ओळीत काम सांगितलं: यंदा क्रूस मावशींच्या दारी न्या. रविवारी मिस्सा सुटल्यावर फाटकाशी उभी राहून वाटलं.

‘मराठी छान आहे हं तुझं,’ कोऑर्डिनेटर आंटी म्हणाल्या.

‘एमएला मराठीच घेतलंयस ना?’ दुसऱ्या बाईंनी विचारलं.

फादर तरुण आहेत, भले आहेत आणि कोणाला दुखवायला घाबरतात. त्यांनी पत्रक उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, ‘मुद्दा आहे. विभागाने मिळून ठरवा.’ विभागाने मिळून ठरवलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी ज्या घरी क्रूस होता तिथे ताटल्या कमी पडल्या, तेव्हा समोसे माझ्या पत्रकावर आले. हिरवी चटणी शेवटच्या ओळीवर होती.

शेवटच्या आठवड्यांत कधीतरी क्रूस आमच्या घरी आला, गुरुवारी. आईने कोरा चहा केला आणि चणे उकडले. माझ्याशी बोलून नाही, तिचं तिने ठरवलं होतं. त्या पापलेटवाल्या अंकलनी चमच्याने चणे इकडेतिकडे केले, खाली आणखी काही आहे का ते पाहिलं. ‘साधंच ठेवलंत,’ ते म्हणाले. आई म्हणाली, ‘हो.’

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शुक्रवारची पाळी मानाची, कारण त्या दिवशी प्रार्थनेला फादर येतात. ती पाळी टॉवरमधल्या एका घराला होती. तिथल्या बाईंनी दुपारीच ग्रुपवर दहीवड्यांचा फोटो टाकला होता. संध्याकाळी माणसं आमच्या इमारतीखाली जमली. आईने पदर खोचला आणि क्रूस उजव्या खांद्यावर घेतला. मी म्हटलं, ‘आई, मी घेते.’ ती म्हणाली, ‘तू मेणबत्ती धर.’

आमच्या गल्लीच्या तोंडाशी उजवीकडे टॉवरचं फाटक आहे. डावीकडे बोळ, बोळाच्या आत बैठी चाळ. आई डावीकडे वळली.

‘अगं, इकडे,’ आंटी मागून म्हणाल्या.

‘हो,’ आई म्हणाली आणि चालत राहिली.

बाकीचे तिच्या मागे गेले. कोणाचं मन बदललं होतं असं समजू नका. सगळ्यांच्या नजरा गीतांच्या पुस्तकात होत्या. आमची माणसं गाताना क्रुसाच्या मागे जातात, रस्त्याकडे बघत नाहीत. कडवं संपून डोळे वर उचलले तेव्हा ते बोळात होते, आणि बोळ इतका अरुंद आहे की मागचे थांबल्याशिवाय पुढच्यांना वळता येत नाही.

मावशी नुकतीच बाजारातून आली होती. पाटी धुऊन दारात पालथी घातलेली, बर्फाचा थर्मोकोलचा खोका शेजारी, सुरी अजून हातात. शुक्रवार होता, वास भरपूर होता.

‘अगो बाय,’ ती म्हणाली. ‘आज? घरान काय पन नाय.’

‘काही नको,’ आई म्हणाली. ‘दार पूर्ण उघड.’

काकांनी पाहिलं. आधी क्रूस पाहिला, मग मागची माणसं एकेक करून पाहिली, दारातली, दाराबाहेरची, खिडकीच्या गजांमागची. तोंड हललं, पण शब्द कळला नाही. आईला वाटलं, पाणी हवंय. मावशीने हातातली सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि खाटेखालची ट्रंक ओढली. त्यांनी पंचा म्हटलं होतं.

तिने पंच्याची चौपदरी घडी केली आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर ठेवली. आईने क्रूस हळूहळू कलता केला आणि त्याचं आडवं लाकूड त्या घडीवर टेकवलं. तोल तिनेच धरला होता, पण काकांनी उजव्या हाताने लाकडाला मिठी घातली, पूर्वी घालत तशीच. आम्ही प्रार्थना म्हटली. काकांचं आमेन सगळ्यांच्या नंतर यायचं. आई ते आल्याशिवाय पुढची ओळ सुरू करत नव्हती. पहिल्यांदा मागच्या लोकांना कळलं नाही की का थांबलोय. मग कळलं, आणि मग तेही थांबू लागले.

मधल्या वेळात फोन वाजत होते. शेवटी टॉवरमधल्या बाई स्वतः आल्या. गर्दीतून वाट काढत दारापर्यंत पोचल्या.

‘काय चाललंय हे? फादर वर येऊन बसलेत. मी वडे भिजवून ठेवलेत.’

‘इथे प्रार्थना चाललीय,’ आई म्हणाली. ‘आत या ना.’

त्यांनी आत पाहिलं. काकांकडे त्यांची नजर किती वेळ होती मला माहीत नाही. पदर नाकाला लावायला उचललेला हात मात्र त्यांनी अर्ध्यातच खाली घेतला, एवढं मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने फादर आले. दार बुटकं, ते वाकून आत आले. बसायला जागा नव्हती, म्हणून पांढऱ्या झग्यानिशी त्या थर्मोकोलच्या खोक्यावर बसले. शेवटची प्रार्थना त्यांनी म्हटली आणि काकांच्या आमेनसाठी तेही थांबले.

मग फादर टॉवरमध्ये गेले. एवढं केलंय त्यांनी, न गेलं तर बरं दिसत नाही, असं मला म्हणाले. जवळजवळ सगळेच गेले. वरून मावशीसाठी झाकून दोन वाट्या दहीवडे आले. मावशीने एक वडा तोडला, काकांना भरवला, एक घास स्वतः खाल्ला.

‘मीठ कमी हाय,’ ती म्हणाली.

त्या रात्री क्रूस मावशीकडेच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा घेऊन गेली तेव्हा मावशी म्हणाली, ‘झोपले बघ आज. रोज रातभर उठून बसतात.’

इथे गोष्ट संपली असती तर फादरांना प्रवचनात सांगता आली असती: एका बाईने वाट बदलली, लोकांची मनं बदलली. आमच्या विभागाची मनं बदलली नाहीत. नियम बदलला. ईस्टरनंतरच्या बैठकीत आंटी म्हणाल्या की बोळात अंधार असतो, कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची. ठरलं असं, की पुढच्या वर्षीपासून क्रूस एका घरातून दुसऱ्या घरी आंटींच्या गाडीतून जाईल. सुरक्षेसाठी. कोणी विरोध केला नाही. आईने केला, पण तो शिस्तीचा प्रश्न म्हणून बाजूला ठेवला गेला.

ख्रिस्ताला क्रूस वाहायला लावला याबद्दल आम्ही दरवर्षी चाळीस दिवस हळहळतो. आता आम्ही तो डिकीत ठेवणार. मागची सीट आडवी केली की बसतो, त्यांनी मापून पाहिलंय.

यंदाच्या पाळ्या लागल्या आहेत. मावशीची खोली यंदाही राहिली. आमची पाळी आहे. काका संध्याकाळी आईला विचारतात, ‘कधी?’ शब्द आता पूर्वीपेक्षा अस्पष्ट झालाय, पण तेवढा एक कळतो. डॉक्टरांनी मावशीला सांगून ठेवलंय की पुढच्या पावसाळ्याचा भरवसा धरू नका. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायला काकांकडे पुढचं वर्ष नाही.

तेव्हा बाबांच्या नियमाप्रमाणे काम सांगते. तुमच्या विभागात क्रूस फिरत असेल, तर पाळ्या लावताना हात वर करा आणि विचारा, कुठलं दार राहिलंय. उत्तर काळजीच्या सुरात आलं तर समजा की तेच दार. क्रूस तुमच्या घरी आला की गाडीची वाट बघू नका. खांद्यावर घ्या आणि त्या दारात न्या. आणि कोपरला राहत असाल, तर आमच्या पाळीच्या दुसऱ्या संध्याकाळी गाडी यायच्या आधी आमच्या इमारतीखाली या. आई डावीकडे वळेल. तिच्या मागे या, हातात डबा नको. आत गेल्यावर खाटेच्या उजव्या बाजूला उभे राहा, तिकडून त्यांना दिसतं. आणि त्यांचं आमेन येईपर्यंत थांबा.